कानाडोळा

हाक ऐकू न येणे हा काही अपराध नव्हे. पण आपली मराठी भाषा या बाबतीत जरा कठोरच आहे. ‘तो ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा शब्द त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत असे आपल्याला म्हणायचे असते, की तो आपले म्हणणे मानत नाही असे? दोन्ही अर्थांना क्रियापद एकच. वर्गात ही गंमत सांगितली की मुले हसतात. कारण ‘ऐकत नाही’ हा आरोप प्रत्येकाने घरी रोज सोसलेला असतो. परंतु ज्याला खरोखरच ऐकू येत नाही त्याच्या वाट्याला हा श्लेष आला म्हणजे त्यातली गंमत संपते. आंधळ्या माणसाला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो. बहिऱ्या माणसावर मात्र आपण आधी ओरडतो आणि मग चिडतो. नाटकात आंधळा आला की प्रेक्षक डोळे पुसतात, बहिरा आला की पोट धरून हसतात!

हे सगळे मनात येण्याचे कारण माझी मावशी. ती वाईला राहते, एकटी. वय एकोणऐंशी. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिचा मुलगा अमेरिकेत बोस्टनला असतो. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याने आईला एक चांगला स्मार्टफोन आणून दिला, तो वापरायला शिकवला आणि निश्चिंत मनाने तो परत गेला. पुढे हळूहळू एक विचित्र प्रकार सुरू झाला. मावशी फोन उचलीनाशी झाली. एकदा, दोनदा, दहादा. मुलगा आधी काळजीने व्याकूळ व्हायचा; मग शेजाऱ्यांना फोन करून ‘आईला जरा बघता का’ म्हणायचा; आणि आई ओसरीवर शांतपणे तांदूळ निवडत बसली आहे असे कळले की संतापायचा. “तिला भजनं बरोबर ऐकू येतात,” तो मला म्हणाला, “फक्त माझा फोन ऐकू येत नाही. तिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं!”

इकडे मावशीचे म्हणणे नेमके उलट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले तेव्हा ती सहज म्हणाली, “आता मला कोणी फोन करत नाही गं. म्हातारी माणसं नकोशी होतात, त्यात काय मोठंसं!” मी तिचा फोन हातात घेतला आणि न उचललेल्या फोनांची यादी उघडली. ती यादी तिने कधी पाहिलीच नव्हती. एका पंधरवड्यात तेवीस हाका! त्यांत नऊ मुलाच्या, सहा साताऱ्याच्या तिच्या बालमैत्रिणीच्या, चार गॅसवाल्याच्या आणि उरलेल्या अनोळखी. मावशी त्या लाल बाणांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सगळ्यांनी हजेरी घेतली म्हणायची. माझा आवाज आला नाही, तेव्हा मला गैरहजर मांडलं.”

चौतीस वर्षे हजेरी घेतलेल्या बाईंचे ते वाक्य होते. त्यात राग नव्हता, पण मला ते लागले. ऐकू न आलेली हाक दोन्ही टोकांना जखम करते. हाक मारणाऱ्याला वाटते, मला मुद्दाम टाळले. जिला हाक मारली तिला वाटते, मला सगळे विसरले. मधे दोष असतो तो फक्त एका घंटेचा.

तो दोष शोधायला मी बसले. फोनच्या घंटेचा आवाज तर शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला होता. मग भजन ऐकू येते आणि घंटा का येत नाही? उत्तर त्या घंटेच्या जातीत होते. माझ्या मावसभावाने हौसेने पक्ष्यांच्या किलबिलीची धून लावून दिली होती. उतारवयात कान जातात ते सगळ्याच आवाजांना सारखे जात नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. म्हणूनच वृद्धांना ‘बोललेलं ऐकू येतं, पण समजत नाही’ असे होते. स, श, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली आणि दुबळी, ती गळून पडतात. स्वर भरदार, ते टिकून राहतात. व्याकरण शिकवताना ‘व्यंजनाला स्वराचा आधार लागतो’ असे मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. म्हातारपणी माणसाजवळ तो आधारच तेवढा उरतो, हे मला मावशीच्या ओसरीवर उमगले. भजन म्हणणाऱ्या बुवांचा खर्जातला आवाज तिच्यापर्यंत पोहोचत होता आणि किलबिल हवेतच विरत होती. मावशी निर्दोष होती!

झोपलेल्या माणसांना आगीची सूचना देणाऱ्या घंटांविषयी जे प्रयोग झाले आहेत त्यांतही हेच दिसून आले आहे. सुमारे ३००० हर्ट्झच्या कर्कश शिटीपेक्षा ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज मंद श्रवणाच्या माणसांना अधिक खात्रीने जागे करतो. तेव्हा पहिले काम सोपे होते. किलबिल काढून टाकली आणि भरीव, ठोके पडल्यासारखी एक धून लावली. मावशी माजघरात असताना ती तिला ऐकू आली; न्हाणीघरात किंवा परसात गेली की नाही. तिच्याजवळ कानाचे यंत्र आहे, पण स्नानाला आणि झोपताना ते काढून ठेवावे लागते. म्हणजे आवाजावरच सगळी भिस्त ठेवून चालणार नव्हते.

फोनमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचे एक दालन असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सेटिंग्जच्या लांबलचक यादीत ते बिचारे मुकाट्याने उभे असते. त्यात शिरले की ‘फ्लॅश नोटिफिकेशन्स’ असा पर्याय सापडतो. कंपनीपरत्वे नावात आणि जागेत थोडा फरक असतो एवढेच. तो चालू केला की फोन आल्याबरोबर पाठीमागचा कॅमेऱ्याचा दिवा उघडमीट करू लागतो, आणि हवा तर समोरचा पडदाही रंगीत प्रकाशाने उजळतो. आयफोनमध्ये दिव्याची ही सोय २०११ पासून आहे. अँड्रॉइडच्या काही कंपन्यांनी ती आधीच दिली होती. २०२३ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ती अँड्रॉइडमध्येच आली. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र उघडमीट करणाऱ्या प्रकाशापासून जपावे. अशा प्रकाशाने काहींना झटका येऊ शकतो.

मी मावशीला ते दाखवले मात्र, तिचा चेहरा उतरला. “म्हणजे मी बहिरी आहे असा दिवा लावून गावाला सांगायचं?” ती म्हणाली. डोळ्यांना चष्मा लागला तर माणूस तो मिरवतो. कानांना काही लावायचे म्हटले की ते पदराखाली, केसांखाली लपवतो. तिची समजूत घालायला मी तिला टेलिफोनची गोष्ट सांगितली. शिक्षिकेला गोष्टच पटते.

टेलिफोनचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलला ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. या बेलच्या आईला फार कमी ऐकू येत असे. तो स्वतः बोस्टनमध्ये बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता, आणि १८७७ मध्ये ज्या मेबलशी त्याने लग्न केले ती पाचव्या वर्षी आलेल्या तापात बहिरी झालेली होती. “बोस्टन म्हणजे आमच्या बाळाचं बोस्टन?” मावशीने विचारले. तेच बोस्टन! म्हणजे ज्याची आई आणि बायको दोघींनाही नीट ऐकू येत नव्हते, त्याच माणसाने केवळ कानांसाठी असलेले यंत्र जगाला दिले. पहिल्या टेलिफोनांना तर घंटाच नव्हती. ती पुढे १८७८ च्या सुमारास बेलचा सहकारी टॉमस वॉटसन याने बसवली. म्हणजे हाक कशी मारायची हा प्रश्न टेलिफोनच्या जन्मापासूनचा आहे. बहिऱ्यांना मात्र या यंत्राच्या दाराशी जवळजवळ नव्वद वर्षे ताटकळावे लागले. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञाने, जो स्वतः बहिरा होता, टंकलेखनयंत्रे टेलिफोनच्या तारांना जोडण्याची युक्ती काढली, तेव्हा ते एकमेकांशी दुरून बोलू लागले. आणि फोन आला हे त्यांना कळायचे ते असेच, घरातला दिवा लुकलुकला म्हणजे.

“म्हणजे शिकलेल्या माणसांनीही लावला होता दिवा,” मावशी म्हणाली. आणि मग अगदी शाळेतल्या आवाजात, “बरं, लाव!”

दिवा लावणे सोपे. तो दिसेल असा ठेवणे कठीण. आवाज कोपऱ्याला वळसा घालून येतो, उजेडाला ती विद्या नाही. शिवाय कॅमेऱ्याचा दिवा फोनच्या पाठीला असतो, तेव्हा फोन उताणा ठेवला की तो टेबलालाच उजेड दाखवत बसतो! म्हणून मी दोन दिवस काहीच केले नाही. नुसती मावशीच्या मागे वही घेऊन हिंडले. सकाळी सहा ते आठ स्वयंपाकघर. मग देवपूजा. दहाला ओसरीवर वर्तमानपत्र. दुपारी माजघरात आडवे होणे. संध्याकाळी परस. तिचा दिवस मी बालपणापासून पाहत होते, पण तो असा कागदावर मांडला तेव्हा लक्षात आले, की मुलाचा फोन यायचा तो नेमका सकाळी सातला, त्याच्याकडची रात्र सुरू होताना. आणि त्या वेळी मावशीची पाठ दाराकडे, तोंड शेगडीकडे आणि कानात कुकरची शिटी.

मग आम्ही जागा ठरवल्या. स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर, भिंतीकडे पाठ करून फोन उभा. म्हणजे दिव्याचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पडून चमकतो आणि समोरचा पडदाही उजळतो. पडद्याचा रंग मावशीने स्वतः निवडला, शेंदरी. ओसरीवर ऊन असते, तिथे दिवा फिका पडतो. म्हणून तिथे फोन स्टीलच्या ताटलीत ठेवायचा. तो थरथरला की ताटली खणखणते आणि टेबल हाताला कळवते. पहिल्याच सकाळी एक फजिती झाली. ‘सुप्रभात’ म्हणणाऱ्या नातेवाइकांच्या संदेशांनी स्वयंपाकघरात वीज कडाडल्यासारखा लखलखाट सुरू झाला. “ही माणसं फोन करत नाहीत आणि फुलं तेवढी पाठवतात,” मावशी कुरकुरली. गटांच्या सूचना बंद केल्या, तेव्हा कुठे दिव्याला किंमत आली. आता तो लागला म्हणजे माणूसच बोलावतो आहे.

मराठीत ‘कानाडोळा करणे’ म्हणजे दुर्लक्ष करणे. इथे तर आम्ही शब्दशः कानाचे काम डोळ्यावर सोपवले, आणि त्याचा अर्थ अगदी उलटा झाला! त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट पटली. हाक पोहोचवणे ही हाक मारणाऱ्याची जबाबदारी आहे. आपण घंटा वाजवतो आणि समजतो, आपले काम झाले. उरलेले समोरच्याने ऐकायचे. पण ती या क्षणी कुठे उभी आहे, तिची पाठ कुणीकडे आहे, कोणता स्वर तिच्यापर्यंत जातो, हे माहीत नसताना मारलेली हाक ही अर्धीच हाक असते. फोनमधला तो पर्याय चालू करायला दोन मिनिटे लागतात. मावशीचा दिवस समजून घ्यायला दोन दिवस लागले, आणि खरे काम त्या दोन दिवसांनीच केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला भिंत उजळली. मावशीने हात पदराला पुसले आणि फोन उचलला. पलीकडे मुलगा क्षणभर बोलेचना. इतक्या लवकर फोन उचलला जाईल अशी त्याची अपेक्षाच नव्हती. दुपारी तिने आपण होऊन साताऱ्याच्या मैत्रिणीला फोन लावला. ती मैत्रीण रुसली होती. दोघी पाऊण तास बोलल्या. निम्मे एकमेकींना कळले नसावे, कारण मैत्रिणीचेही कान आता तसलेच. पण दोघी हसत होत्या एवढे खरे.

परवा मावशीचा फोन आला. तिने वायरमनला बोलावून दाराच्या घंटेच्या बटणाला एक दिवाही जोडून घेतला आहे; बटण दाबले की घंटा वाजते आणि माजघरात दिवा लागतो. ज्या दिव्याची तिला लाज वाटत होती त्याची माहिती आता तिने आळीत सगळ्यांना दिली आहे. “दिवाळीला ये,” ती म्हणाली, “फराळ तयार आहे. आणि दाराशी उभी राहून हाका मारत बसू नकोस. बटण दाब, मी बघते.”