आखातापलीकडचे पालीताणा

सुरत आणि भावनगर या दोन विमानतळांमधील हवाई अंतर अवघे ९० किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र भरूच, वडोदरा, तारापूर, वटामण असा वळसा पडून ते ३७० किलोमीटरांच्या घरात जाते. हा सारा फरक खंभातच्या आखाताचा. ताशी ३०० किलोमीटर वेगाचे लहान विमान सरळ रेषेत हे अंतर वीस मिनिटांत कापील. चढणे-उतरणे धरून अर्धा तास.

व्यापारी माणूस येथे लगेच हिशेब मांडतो : विमानतळावर तासभर आधी पोहोचणे, सामानाची मर्यादा, शिवाय भावनगरहून पालीताण्यापर्यंत ५० किलोमीटर मोटार. तरीही तीन-साडेतीन तासांत काम होते. २०२० पासून हजीरा-घोघा जलमार्गही आहे. पण नुसते पाणी ओलांडायलाच सुमारे चार तास.

वेळ वाचतो, ही गोष्ट तरुणांना किरकोळ वाटेल. परंतु शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या पहाटे चढायच्या आणि सायंकाळपूर्वी उतरायचे. डोंगरावर रात्री कोणी राहत नाही. रात्रभर बसमध्ये अंग आंबलेल्या वृद्धेच्या पायांत तेवढे बळ उरत नाही. तिच्या यात्रेचा निकाल पुष्कळदा आदल्या रात्रीच लागलेला असतो.

साधु-साध्वींना विमानही नाही, जहाजही नाही. त्यांच्यासाठी आखाताचा वळसा पुरताच : रोज वीस किलोमीटर विहार धरला, तरी अठरा-एकोणीस दिवसांचा.