पत्ता तोच, पेटी नवी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटेसे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून बिडाची कास्टिंगे आणावयाची, लेथवर व बोअरिंग मशीनवर ती नेमक्या मापात उतरवावयाची आणि पुण्या-बेळगावच्या गिऱ्हाइकांकडे रवाना करावयाची, हा आमचा धंदा. कामगार अठरा, कचेरीत माणसे चार. एवढ्याशा कारखान्याला स्वतःचा ई-मेल सर्व्हर हवा कशाला, असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांचे यावर ठरलेले उत्तर असे, "गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग ही त्याची ठेव आहे. ठेव आपल्या तिजोरीत असावी."

ही तिजोरी म्हणजे कचेरीच्या कोपऱ्यातला एक काळा संगणक. दादांनी तो २०११ साली आणला, स्वतः पुस्तके वाचून त्यावर पत्रव्यवहाराची व्यवस्था बसवली आणि पुढे दर शनिवारी त्याच्या जाळीवरची बिडाची काळी भुकटी ब्रशने झाडण्याचे काम कधी कोणाकडे सोपवले नाही. २०२१ च्या मे महिन्यात कोविडने दादा गेले. संगणक मात्र चालतच राहिला. ब्रशही त्याच्या शेजारी तसाच होता.

पुढे एका पावसाळ्याच्या तोंडावर त्या संगणकातून कटकट असा आवाज येऊ लागला. कारखान्यातली संगणकाची बाजू आमचा पुतण्या, दादांचा मुलगा, सांभाळतो. त्याने तपासणी केली आणि म्हणाला, "काका, डिस्क जाऊ लागली आहे. आता दुरुस्ती नाही. सगळे नव्या यंत्रावर न्यावे लागेल."

आम्हांला धास्ती दोन गोष्टींची होती. पहिली, यावयाच्या पत्रांची. ऑर्डरी, ड्रॉइंगे, पैसे जमा झाल्याचे निरोप, सारे याच वाटेने येते. स्थलांतराच्या घटकेला एखादी ऑर्डर हरवली तर? दुसरी धास्ती आलेल्या पत्रांची. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने दोनशे नगांचा लॉट परत पाठवला होता. बोअरचे माप चुकले, असे त्यांचे म्हणणे. दादांनी जुने पत्र शोधून काढले. सुधारित ड्रॉइंग आमच्याकडे आले होते ते माल ट्रकवर चढल्यानंतर दोन दिवसांनी! त्या एका पत्राने आमच्या कामगारांचा त्या महिन्याचा पगार वाचवला. अशी दहा-बारा वर्षांची पत्रे त्या कटकटणाऱ्या डिस्कवर होती.

पुतण्याने दुसराही मार्ग सुचवला. दरमहा भाडे भरून एखाद्या मोठ्या कंपनीकडे सगळा पत्रव्यवहार सोपवावा, म्हणजे यंत्रही नको आणि जागरणही नको. त्यात काही गैर नव्हते. आमच्या ओळखीच्या बहुतेक कारखानदारांनी तेच केले आहे. तरीही आम्ही नवे यंत्र घ्यावयाचे ठरवले. दर पेटीमागे भरावयाच्या भाड्याचा हिशेब त्यात होता, आणि दादांचे ते 'ठेवी'चे वाक्यही होते. कोणते कारण अधिक वजनाचे होते, ते आम्ही आजवर तराजूत घालून पाहिलेले नाही.

धास्ती कमी झाली ती पुतण्याने ई-मेलची रीत समजावून सांगितली तेव्हा. संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरचे पत्र दुसऱ्या यंत्रावर प्रथम धाडले ते अमेरिकेतल्या रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. पत्रांच्या देवघेवीचा जो नियम आज जगभर चालतो तो जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला. त्या नियमात पुढे जी भर पडत गेली तीत सोशिकपणाची एक तरतूद आहे. घेणाऱ्याचे यंत्र बंद असले तर पाठवणाऱ्याच्या यंत्राने पत्र टाकून द्यावयाचे नाही. ते आपल्यापाशी जपून ठेवावयाचे आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावयाचे, तेही निदान चार-पाच दिवस.

हे ऐकताच आम्हांला २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेल्याने पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प होती. आमच्या कचेरीत पाणी आले नाही, पण वीज गेली आणि सर्व्हर तीन दिवस मुका होता. वीज आल्यावर घटकाभरात पत्रांची रीघ लागली. कोणाचे काही हरवले नव्हते. दादा तेव्हा नुसते हसले होते. त्या हसण्याचा अर्थ आम्हांला इतक्या वर्षांनी कळला.

मग कामाची आखणी झाली. ई-मेलच्या पत्त्यात आमच्या कारखान्याचे नाव असते, यंत्राचे नसते. त्या नावाची पत्रे कोणत्या यंत्राकडे न्यावयाची, याची नोंद जगाला वाचता येईल अशा एका वहीत असते. मात्र ती वाचणारी यंत्रे वाचलेले काही काळ लक्षात ठेवतात, पुन्हा पुन्हा विचारीत नाहीत. म्हणून पुतण्याने ही मुदत आधीच चोवीस तासांवरून पाच मिनिटांवर आणून ठेवली, म्हणजे ऐन वेळी नोंद बदलली की ती लगेच सर्वत्र कळावी. आमचे म्हातारे मिस्त्री चहा पिता पिता हे ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे मालक, घर बदलायच्या आधी पोस्टमनला सांगून ठेवायचं, एवढंच न्हवं?" एवढेच!

नव्या यंत्रात दोन डिस्का होत्या. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. एक गेली तरी काम अडत नाही. पण चुकून पुसलेलेही दोन्हींवरून एकदमच पुसले जाते, म्हणून तिसरी प्रत निराळी काढून ती घरी ठेवावी, असे ठरले. जुन्या पत्रांची पहिली नक्कल काढावयास, डिस्क जपून चालवावी लागल्याने, दोन रात्री लागल्या. नंतर फक्त मधल्या काळात आलेली पत्रे उचलावयाची होती.

नक्कल काढताना पेट्यांची यादी पडद्यावर आली आणि पुतण्या एका नावापाशी थांबला. ती दादांची पेटी होती. ते गेल्यापासून त्या पेटीत बहुतेक जाहिरातीच येत होत्या. नव्या यंत्रावर बिनकामाची पेटी न्यावी काय, हा हिशेबाचा प्रश्न होता. विचारणारा त्यांचा मुलगा होता, हे आम्ही विसरू शकत नव्हतो. त्याने आमच्याकडे न पाहताच विचारले, "काका, ही बंद करू?" आम्ही म्हणालो, "जुनी पत्रे तर न्यावीच लागतील. पेटीही राहू दे. कोणी लिहिले तर त्याला 'असा मनुष्य येथे नाही' असे उत्तर यंत्राने द्यावयास नको. ते आपण देऊ." त्याने मान हलवली आणि कळ दाबली.

शनिवारी रात्री दहाला जुने यंत्र पत्रे घेण्याचे थांबले. शेवटची नक्कल झाली, पेट्यांतील पत्रांची संख्या एकेक करून जुळवून पाहिली, वहीतली नोंद बदलली. पहाटे दोनच्या सुमारास बाहेरचे पहिले पत्र नव्या यंत्रावर उतरले. ती कसल्याशा कर्जाची जाहिरात होती. पण एखाद्या जाहिरातीचे इतके स्वागत आमच्या कचेरीत पूर्वी झाले नव्हते.

आनंद मंगळवारपर्यंत टिकला. त्या दिवशी सांगलीहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुम्ही दर कळवलेच नाहीत." दर तर सोमवारीच गेले होते! शोध घेता ते पत्र त्यांच्याकडे नकोशा पत्रांच्या ढिगात सापडले. इंटरनेटची जोडणीही आम्ही त्याच वेळी बदलली होती, त्यामुळे यंत्राचा क्रमांक नवा झाला होता. कोणत्या क्रमांकावरून निघालेले पत्र आमचे मानावे, याचीही एक नोंद त्याच वहीत असते. तिच्यात जुनाच क्रमांक राहून गेला होता. जीमेलसारख्या सेवा २०२४ च्या फेब्रुवारीपासून अशा नोंदींबाबत अधिक कडक झाल्या आहेत. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांची आम्ही डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली; आमच्याकडून जाणाऱ्यांकडे पाहावयाचे राहिले. नोंद पाच मिनिटांत दुरुस्त झाली. ते काम मात्र तोवर दुसऱ्या कारखान्याला गेले होते. पुतण्या दिवसभर खाली मान घालून होता. यादी तपासणारे आम्हीही होतो, हे त्याला सांगितले, आणि ते खरेच होते.

जुने यंत्र आम्ही महिनाभर तसेच ठेवले. मग त्यातली डिस्क काढली. भंगारवाल्याच्या हाती गिऱ्हाइकांची ड्रॉइंगे जाऊ नयेत म्हणून मिस्त्रींनी ती आमच्याच ड्रिलिंग मशीनवर धरून तिला तीन भोके पाडली. ब्रश आता नव्या यंत्राशेजारी आहे. शनिवारी पुतण्या तो हाती घेतो.

दिवाळीच्या आधी दादांच्या पेटीत एक पत्र आले. लिहिणारे बेळगावचे एक निवृत्त खरेदी अधिकारी होते. पंधरा वर्षांपूर्वी दादांनी त्यांच्या पंपासाठी बुश करून दिले होते, तसेच दोन नग आता त्यांच्या शेतावरच्या पंपाला हवे होते. "तुमची प्रकृती कशी आहे?" असे शेवटी विचारले होते. आम्ही जुनी पेटी उघडली. ड्रॉइंग तेथे होते, दादांच्या टिपणासह. पुतण्याने माप उतरवून घेतले. आम्ही उत्तर लिहावयास बसलो आणि दादा गेल्याची बातमी पहिल्या ओळीत लिहावी की बुश तयार होतील हे आधी लिहावे, याचा बराच वेळ विचार करीत राहिलो.