दोन सीमा आणि एक पिशवी संत्री

आपल्या बेळगाव भागातल्या माणसाला सीमेचे कौतुक वाटत नाही. कोगनोळीचा नाका ओलांडताना आपण गप्पासुद्धा थांबवत नाही. पण सीमा बंद झाली म्हणजे काय होते, ते मला 2021च्या मार्चमध्ये कळले, आणि तेही सासुरवाडीहून परत येताना.

माझी सासुरवाडी पांढुर्ण्याची. गाव मध्य प्रदेशातले, पण घराघरात मराठी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी, ज्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच दिवशी, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मागे राहिले. "त्याआधी आमची राजधानी नागपूरच होती, जावईबापू," असे सासरे प्रत्येक भेटीत सांगत. मी बेळगावचा म्हणून त्यांना हा विषय विशेष आवडे.

महाशिवरात्रीला, 11 मार्चला, आम्ही तिथे होतो. रानात पळस फुललेला. हाच पळस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव असे दोन काठ एकमेकांवर दगडांचा मारा करतात. तीच ती गोटमार. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही वेळा जीवही गेले आहेत. सासऱ्यांना मी एकदा विचारले होते, "मग उरलेले वर्ष?" ते म्हणाले, "उरलेले वर्ष सोयरिकी."

शिवरात्रीच्याच दिवशी बातमी आली की नागपुरात 15 ते 21 मार्च कडक टाळेबंदी. तेवढे दिवस थांबून निघू, असे ठरवले. तोच मध्य प्रदेश सरकारने 20 मार्चपासून महाराष्ट्राच्या बसगाड्या बंद केल्या. इकडे कर्नाटकात शिरायचे तर बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल हवा. शनिवारी दुपारी चारला आम्ही नाकातून नमुना दिला आणि तिथून घड्याळ सुरू झाले. अहवाल हाती यायला रविवारची संध्याकाळ झाली. चोवीस तासांहून जास्त तिथेच गेले.

सोमवारी पहाटे मेव्हण्याने सौंसरमार्गे सातनूरपर्यंत गाडीने सोडले. पुढे यायला तो तयार होता, पण परतताना त्यालाच अडवले असते. निघताना सासरे फाटकापर्यंत आले. मुलीच्या हातात त्यांनी मृग बहाराच्या संत्र्यांची पिशवी दिली. जवळ घ्यायचे नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. ते दोन पावले मागेच उभे राहून म्हणाले, "पोहोचल्यावर फोन करजा, बाई." तिने नुसती मान हलवली.

सातनूरला बॅगा घेऊन आम्ही पायी सीमा ओलांडली. अलीकडचा शिपाई मराठीत बोलला, पलीकडचाही मराठीतच. मध्ये होती फक्त लोखंडी अडसरांची रांग. पलीकडे जीप मिळाली, सावनेरवरून नागपूर गाठले आणि कोल्हापूरची गाडी पकडली. प्रवासभर मी घड्याळ बघत होतो आणि बायको पिशवीकडे.

मंगळवारी कोगनोळीला पोहोचलो तेव्हा अहवालाचे आयुष्य जेमतेम पाऊण तास उरले होते. पोलिसाने विचारले, "एल्लिंद बंद्री?" मी उत्तर जुळवेपर्यंत बायकोच म्हणाली, "पांढुर्णादिंद."

"अदु एल्लि?"

"महाराष्ट्रद आचे री."

त्याने अहवालावरची वेळ पाहिली, मनगटावरची पाहिली आणि मराठीत म्हणाला, "म्हणजे मराठी मुलूख संपल्यावर परत मराठी मुलूख? जा, लवकर जा." वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. त्या दिवशी घरी पोहोचवले ते तिच्या कन्नडने.

संत्री आम्ही चार दिवस पुरवून खाल्ली. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या लाटेत सासरे गेले. तेव्हा इकडेही सगळे बंद होते. जाता आले नाही. मेव्हण्याने फोनवर दाखवले तेवढेच. त्या पहाटे दोन पावले पुढे व्हायला हवे होते, असे ती अजून म्हणते. मी काही बोलत नाही, कारण तेव्हा "लांबूनच बोल" असे मीच बजावले होते.

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. त्यानंतरच्या मार्चमध्ये आम्ही गेलो. सातनूरवरून बस न थांबता पुढे गेली. बायको खिडकीतून मागे बघत राहिली. परतताना मेव्हण्याने न सांगता संत्र्यांची पिशवी आणून ठेवली. या वेळी तिने आधी भावाला जवळ घेतले आणि मग पिशवी उचलली.