नावाच्या जागी प्रश्नचिन्ह

प्रॅक्टिकलमध्ये स्क्रीनवर ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ आलं, की लॅबमध्ये एकच आवाज उठतो, “काय झालं बे?” बहुतेक वेळा विशेष काही झालेलं नसतं. पत्ता चुकलेला असतो, इतकंच!

डेटाबेस हे घर मानलं, तर कनेक्शन फाइल ही पत्त्याची चिठ्ठी. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं, ते कुठल्याही प्रोग्रॅमला कुठल्याही डेटाबेसशी एकाच रीतीने बोलता यावं म्हणून. विंडोजमध्ये ही चिठ्ठी तीन प्रकारची. यूजर डीएसएन फक्त आपल्या लॉगिनपुरती, सिस्टीम डीएसएन त्या मशीनवरच्या सगळ्यांसाठी आणि फाइल डीएसएन म्हणजे चक्क साधी टेक्स्ट फाइल. नोटपॅडमध्ये उघडा. ड्रायव्हर, सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस, अशा मोजक्या ओळी! त्यात ६४ बिट विंडोजमध्ये या चिठ्ठ्या लिहिणारे कारकून दोन. ६४ बिटवाला बसतो ‘सिस्टीम३२’ फोल्डरमध्ये आणि ३२ बिटवाला ‘सिसवाव६४’ मध्ये. पाट्या उलट्या, पण खरं आहे! एकाची सिस्टीम डीएसएन दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला चालत नाही.

हे सगळं परीक्षेपुरतं, असं मला वाटायचं. मग सुट्टीत शेजारच्या काकांच्या यंत्रमाग कारखान्यात गेले. तिथला पगाराचा प्रोग्रॅम कुणीतरी नवीन कॉम्प्युटरवर बसवून दिला होता. कनेक्शन ओके, रकमा बरोबर, पण नव्याने भरलेल्या सगळ्या नावांच्या जागी ‘?????’. कांड्या भरणाऱ्या एक मावशी पावती धरून म्हणाल्या, “ह्यात माझं नाव कुठाय?”

मी कॉन्व्हेंटची. “इंग्लिशमध्ये टाइप करा ना,” हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मावशींना वाचता येतं ते फक्त स्वतःचं नाव, तेही मराठीत. तेवढं वाचूनच त्या पैसे मोजून घेतात.

कनेक्शन फाइल उघडली. मायएसक्यूएलचे ओडीबीसी ड्रायव्हर दोन, एएनएसआय आणि युनिकोड. फाइलमध्ये पहिला होता. विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नाही, ती युनिकोडवरच चालते. ड्रायव्हरची ओळ बदलली, टेबलचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ केला. आता त्याच टेबलात कामगारांची तेलुगू नावंसुद्धा बसतील.

पण गेलेली नावं परत आली नाहीत. प्रश्नचिन्ह एकदा साठवलं गेलं, की डेटाबेसच्या दृष्टीने ते प्रश्नचिन्हच. मूळ अक्षर कुठेच उरत नाही. शेवटी कागदाची हजेरी वही उपयोगी पडली. काका वाचत होते, मी टाइप करत होते. मावशींच्या नावातला ‘ळ’ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि एन दाबून येतो, हे त्या दिवशी कळलं. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा नंबर आहे, ०९३३. ‘ल’वर भागवायची गरज नाही!

म्हणून एक सांगते. ‘टेस्ट कनेक्शन’ यशस्वी झालं, म्हणजे घर सापडलं, एवढंच. आत माणसं नीट पोचली का, ते त्यावरून कळत नाही. तेव्हा प्रोजेक्टच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये ‘एबीसी’ टाकू नका. आपल्या मेसमधल्या मामांचं पूर्ण नाव मराठीत टाका, सेव्ह करा, परत उघडून बघा आणि त्यांनाच वाचायला द्या.