मुकुटाची कड

सोन्याचा मुकुट कपाळावर जिथे संपतो, ती कड मला अजून हवी तशी साधत नाही. लोक तंजावर चित्रातल्या डोळ्यांचं कौतुक करतात, खड्यांचं करतात. पण काम अडतं ते या कडेवर. मक्कू, म्हणजे वर्खाखालचा उठावाचा लेप, पातळ लावला की मुकुटाला उठाव येत नाही आणि सोन्याचा वर्ख कागदासारखा सपाट दिसतो. जाड लावला की कड उभी राहते आणि तिची सावली देवाच्या कपाळावर उतरते. त्यात ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांतला पाऊस लागला की मक्कू वरून सुकल्यासारखा वाटतो, आत मऊच असतो, आणि रात्रीतून कड बसते.

ही सावली पूर्वी कुणाला छळत नसावी, असं माझं मत आहे. ही चित्रं देवघरासाठी होती. उजेड समईचा, म्हणजे खालून येणारा. खालून उजेड आला की हनुवटी, गाल, कपाळ उजळतं आणि मुकुटाची सावली वर, मागे निघून जाते. वात हलली की सोनं हलतं. आता इथे मद्रासमध्ये, एग्मोरच्या नव्या फ्लॅटमध्ये चित्र दिवाणखान्यात लागतं आणि छतातला दिवा वरून थेट त्याच्यावर सोडलेला असतो. माझ्या मेजावर हसणारा बाळकृष्ण तिथे कष्टी दिसतो. भुवयांपर्यंत काळोख, खाली पांढरे गाल. गिऱ्हाईक काही म्हणत नाही, त्याला सोनं दिसत असतं. मला मात्र त्या घरी चहा घशाखाली उतरत नाही.

या कडेपायी मी पँथिऑन रोडवरच्या संग्रहालयात जात राहिले. लोक तिथे कांस्यमूर्तींकडे वळतात. मी अमरावतीच्या शिळांपुढे थांबते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा चुनखडीचा दगड, फार खोल न कोरलेला, आणि त्यात माणसांमागे माणसं, हत्ती, घोडे, सज्जातून वाकून पाहणाऱ्या बायका. एकाची कड दुसऱ्याच्या खांद्यावर येते तिथे कारागिराने काय केलं आहे ते बाजूने, भिंतीला गाल लावून पाहावं. कुठे कड सरळ कापली आहे, कुठे ती हळूहळू उतरवून मागच्या अंगात विरघळवली आहे. चेहऱ्याजवळ ती विरघळते. हे कळलं तेव्हा मी घरी येऊन मुकुटाची खालची कड उतरती घासून पाहिली. सावली गेली, पण उतारावर वर्ख नीट पकडेना. खडे जडवले तर ते घसरल्यासारखे दिसू लागले.

आमचं घराणं तंजावरचं, पण चित्रकारांचं नव्हे. चित्रं काढायचे राजू आणि नायडू घराण्यांतले लोक. आमच्याकडे दफ्तराची कामं. मी ही कला लग्नानंतर इथे मद्रासला एका राजू गुरूंकडे शिकले. त्यामुळे अशा प्रयोगांवरून परंपरेच्या नावाने कुणी मला धाक घालू लागलं की मी तंजावरच्या सरफोजीराजांची आठवण करून देते. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. उरलं ते पुस्तकं, वैद्यक, संगीत, चित्रं. ज्या दरबारात आमचे सोनेरी मुकुट घडत होते त्याच दरबाराने लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं: मरणशय्येवर पडलेले राजाचे गुरू, मिशनरी श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हाती घेतलेला राजा. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मी ते पाहिलं तेव्हा राजाकडे नाही, कडांकडेच पाहत होते. आमच्या चित्रातली गालांची गोलाई, ती छाया, तीही बाहेरून आलेली चित्रं पाहूनच हातात उतरली. काचही बाहेरची. आज ज्याला जुनं म्हणून कवटाळतात, ते त्या वेळी नवं होतं आणि धीटपणे केलेलं होतं.

आणि उठावाच्या सोन्याचा हा पेच आमचा एकट्यांचाही नाही. कोन्नेमारा लायब्ररीतल्या एका पुस्तकात मला कार्लो क्रिवेल्ली भेटला, पंधराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार. तोही संतांचे मुकुट आणि किल्ल्या लेप चढवून उठावाच्या करी आणि वर सोनं लावी. खाली मेणबत्त्या. १९०२ मध्ये व्हिएन्नात क्लिम्टने भिंतीवरच्या चित्रात सोनं, काच, शिंपले जडवले, तेव्हा ते नवीन कलेचं निशाण ठरलं. आमच्या सोन्याला मात्र शोभेची वस्तू म्हणतात.

याचा थोडा राग मला आपल्या शेजाऱ्यांवरही आहे. एग्मोर स्टेशनापासून जवळच पूनमल्ली हाय रोडला कला महाविद्यालय आहे, १८५० मध्ये अलेक्झांडर हंटरने सुरू केलेलं. तिथे के. सी. एस. पणिक्करांनी एक पिढी घडवली. १९६३ पासून त्यांनी कुंडलीची घरं आणि वाचता न येणारी अक्षरं कॅनव्हासवर आणली. पी. व्ही. जानकीरामांनी तांब्याच्या पत्र्यातून देव उभे केले. मी त्यांचं काम आदराने पाहते. जानकीराम तर आमच्या अगदी दाराशी आले होते. पण मक्कू आणि वर्ख त्या पिढीतल्या कुणी हातात घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि आम्हीही त्यांच्या दारात गेलो नाही. मधली जागा साच्यातून काढलेल्या मुकुटांनी भरली. आता बाजारात तयार मुकुट मिळतात, चिकटवायचे आणि रंगवायचे. त्यांची कड सगळीकडे सारखी असते. तसलं चित्र मी क्षणभरही पाहू शकत नाही.

दोन पावसाळ्यांपासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात कळ येते. मोत्यांचे ठिपके आता माझ्याच्याने एका ओळीत पडत नाहीत. म्हणून त्या महाविद्यालयातली एक मुलगी माझ्याकडे येते. ठिपके ती घालते. एक दिवस तिने स्वतःची फळी आणली. फळीभर मक्कूचा जाड थर दिला होता आणि मुकुट त्यावर चढवण्याऐवजी त्यात आत कोरून काढला होता. सोनं खोलात. "मामी, सावली सोन्यावरच पडू दे ना," ती म्हणाली. इजिप्तच्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर, भर उन्हात, आकृती अशाच दगडाच्या आत खोदलेल्या असतात, हेही तिनेच सांगितलं. आम्ही फळी छतातल्या दिव्याखाली धरली. कपाळ स्वच्छ होतं. डोळे उघडे होते.

एग्मोरमध्ये माझ्या मुकुटांना नाव आहे आणि ते मला फार प्रिय आहे. प्रदर्शनात कुणी वाकून माझा मुकुट बाजूने पाहू लागलं की मी तिथून हलत नाही, ते काय म्हणतात ते ऐकायला थांबते. त्या फळीपुढे माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हे मला का सुचलं नाही. दुसरं आलं, की काम माझ्या घरात झालं आहे, लोक माझंच म्हणतील. हा दुसरा विचार अजून पुरता गेलेला नाही. त्या दिवशी मी तिला "बरं आहे" एवढंच म्हटलं.

आता ती रामपट्टाभिषेक करायला घेते आहे, आणि तिथे तिची युक्ती अडली आहे. मुकुट आत गेला तरी मुकुट राहतो. गळ्यातला हार आत कोरला की गळा चिरल्यासारखा दिसतो. हार अंगावर असतो, अंगात नाही. रामाचा हार उठावाचा ठेवला तर एका अंगावर दोन उजेड येतात, वर खोल सोनं, खाली उंच. ती म्हणते हार सपाट, नुसत्या रंगाने काढू. मी म्हणते, मग ते तंजावर कसलं? परवा तीन हार करून पाहिले. मधल्याची वरची कड खोल होती आणि खालची थोडी उठावाची. तो बराच जवळ आला होता, पण पदकाशी फुटला. तिथे मक्कूत डिंक कमी पडला असावा. उद्या जरा घट्ट मळून पुन्हा घालायचा आहे.