न्हाणीच्या जाळीखाली

न्हाणीघरातील पाणी तुंबणे आणि ते मंद गतीने उतरणे या एकाच दोषाच्या दोन अवस्था असल्या, तरी घरात त्यांना मिळणारी वागणूक अगदी वेगळी असते. तुंबलेल्या मोरीची दखल त्याच दिवशी घेतली जाते, मंदावलेली मोरी मात्र महिनोन्‌महिने खपवून घेतली जाते. शॉवरखाली उभ्या माणसाची पावले पाण्यात बुडू लागतात, आंघोळ आटोपल्यावर साबणाचा करडा फेस जाळीभोवती रेंगाळतो आणि घरातील माणसे नकळत नळ थोडा कमी सोडू लागतात, त्यामुळे दोष कायम राहूनही तो जाणवेनासा होतो. साध्या शॉवरमधून मिनिटाला साधारण 8 ते 10 लिटर पाणी पडते आणि न्हाणीतून बाहेर जाणाऱ्या 75 मिलिमीटर व्यासाच्या नळीला हा भार किरकोळ असतो. तेवढ्या पाण्यानेही फरशीवर तळे साचत असेल, तर वाट नुकतीच अडू लागली आहे असे न समजता ती बहुतांशी आधीच व्यापली गेली आहे, असे समजणे अधिक योग्य ठरते.

या वाटेचा पहिला टप्पा म्हणजे न्हाणी ट्रॅप. भारतीय बांधकाम व्यवहारात हे जोडनाव इतके रुळले आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी दरसूचीतही ते ‘नहाणी ट्रॅप’ असेच आढळते; सांडपाण्याच्या विलायती शास्त्राला जमिनीवर बसून तांब्याने करावयाच्या आंघोळीसाठी आयता शब्द नसावा, म्हणून त्याने तो येथील घरांतून उचलला असावा. जुन्या इमारतींत हा ट्रॅप बिडाचा असे, आता तो बहुधा पीव्हीसीचा असतो. जाळी उचलली की त्याचे वाडग्यासारखे भांडे दिसते, आणि त्यात एक तर उलटी वाटी बसवलेली असते किंवा भांड्यातून निघणारी नळी खाली वळून पुन्हा वर चढलेली असते. दोन्ही रचनांचा हेतू एकच, की पाणी वाहून गेल्यावरही सुमारे 50 मिलिमीटर उंचीचे पाणी मागे राहावे आणि त्याने गटारातील वायूचा मार्ग बुचासारखा बंद करावा. या पाण्याच्या बुचाला वॉटर सील म्हणतात. नळीला बाक देऊन असे पाणी अडवून ठेवण्याची युक्ती लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने 1775 मध्ये शौचकूपाच्या एकस्वात नोंदवली होती, आणि एवढ्या काळात तिच्या मूळ तत्त्वात सुधारणा करण्याची गरज कोणाला फारशी भासलेली नाही.

वायूसाठी लावलेला हा सापळा केसही धरतो, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म येथेच आहे. पाण्याला जेथे वळण घ्यावे लागते तेथे त्याचा वेग मंदावतो, वेग मंदावला की त्याने आणलेला गाळ बसतो आणि लांब तंतू कडेला अडकतात. म्हणून मंदावलेल्या न्हाणीतील अडथळा बहुतेक वेळा भिंतीच्या पोटात किंवा इमारतीच्या तळाशी नसून जाळीपासून वीतभर अंतरावर, हात पोहोचेल अशा जागी असतो.

हा अडथळा बाहेर काढून पाहिला तर तो गोळा नसून वीण असल्याचे दिसते. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण 50 ते 100 केस गळतात आणि त्यांतील बरेचसे न्हाताना सुटतात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात, त्यांची तोंडे टोकाकडे वळलेली असल्यामुळे केस एका दिशेने सहज सरकतो आणि उलट दिशेने अडतो; अशा केसांना पाण्याचा घोळ मिळाला की ते एकमेकांत शिरतात, पण सुटत नाहीत. पहिला केस ट्रॅपच्या खडबडीत कडेला किंवा जाळीच्या स्क्रूला अडकतो, दुसरा त्याला वेढा घालतो, आणि काही आठवड्यांत बोटाएवढी जाड, शेपटासारखी लोंबणारी वेणी तयार होते. तिच्या वरच्या भागाचा रंग साबणाने पांढुरका झालेला असतो आणि खालचा भाग काळा व बुळबुळीत असतो. हा बुळबुळीतपणा म्हणजे जीवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर होय. न्हाणीच्या भिंतीवर दिवसा निवांत बसणाऱ्या, पंख पसरल्यावर बदामाच्या आकाराच्या दिसणाऱ्या केसाळ चिमुकल्या माश्यांच्या अळ्या याच थरावर पोसल्या जातात, त्यामुळे त्या माश्या वाढल्या तर पाणी अजून नीट उतरत असले तरी जाळी उचलण्याची वेळ झाली असे मानण्यास हरकत नाही.

केसांच्या या जाळ्यात भर पडते ती साबणाच्या साक्याची. आंघोळीचा वडीसाबण म्हणजे मुख्यतः मेदाम्लांचे सोडियम क्षार. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असले, म्हणजे पाणी जड असले, की सोडियमची जागा हे धातू घेतात आणि पाण्यात न विरघळणारा, दह्याच्या कवडीसारखा साका तयार होतो. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम कठिणता स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत मुभा देते. धरणाचे पाणी सहसा मऊ असते, तर दख्खनच्या बेसाल्ट खडकातून उपसलेले बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, आणि म्हणूनच नळाला धरणाचे पाणी येणाऱ्या घरातील न्हाणी वर्षभर तक्रार करीत नाही, तर टँकरवर व बोअरवर चालणाऱ्या त्याच शहरातील नव्या सोसायटीत ती दोन महिन्यांत मंदावते. शाम्पू व बॉडीवॉश यांतील कृत्रिम प्रक्षालके असा साका धरीत नाहीत. शिकेकाईतील फेस आणणारा घटक, सॅपोनिन, हाही जड पाण्यात फुटत नाही, परंतु तिचा भरडा मात्र तळाशी बसतो.

या दृष्टीने पाहता नरकचतुर्दशीची पहाट ही मराठी घरातील न्हाणीची वार्षिक परीक्षा ठरते. अंगाला चोपडलेले तेल, त्यावर चोळलेले उटणे, डोक्याला लावलेली शिकेकाई, मग सुवासिक साबण, आणि हे सर्व एकामागून एक चार-सहा माणसांचे, तासाभरात; तेल कडांना चिकटते, उटण्याची पूड त्या तेलावर बसते, आणि आधीपासून तयार असलेल्या केसांच्या जाळ्यात हा लगदा गाळणीत चोथा साचावा तसा साचतो. दिवाळीसाठी घराचे माळे झाडले जातात, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत होतात, पण जाळी कोणी उचलत नाही.

ती उचलण्याची कृती साधी आहे. जाळी स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रू सोडवून, नुसती ठेवलेली असेल तर कडेला उलथन्याचे टोक घालून ती काढावी. उलटी वाटी असल्यास ती किंचित फिरवून वर ओढावी, आणि रबरी हातमोजा घालून वेणी धरून सावकाश बाहेर खेचावी. झटका दिल्यास ती तुटते आणि तिचा मागचा अर्धा भाग वळणापलीकडे जातो, तेव्हा सावकाशपणा येथे महत्त्वाचा. हात जेथे पोहोचत नाही तेथे टोक आकड्यासारखे वळवलेली जाड तार किंवा कडेला करवतीसारखे दाते असलेली प्लास्टिकची पट्टी उपयोगी पडते. डोक्यावर असेपर्यंत ज्यांना तेल लावले जाते, त्या केसांची किळस जाळीखाली गेल्यावर मालकालाच येते आणि ते काढण्यासाठी दुसऱ्याचा हात शोधला जातो, ही गोष्ट पाइपशास्त्रात बसत नसली तरी या कामाच्या दिरंगाईचे खरे कारण तीच आहे.

वेणी निघूनही पाणी मंदच राहिले तर प्लंजर, म्हणजे दांड्याला बसवलेली रबरी वाटी, वापरावा. वाटी बुडेल एवढे पाणी जाळीवर असणे आवश्यक असते, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. तसेच बेसिनची किंवा वॉशिंग मशीनची नळी त्याच ट्रॅपला जोडलेली असल्यास तिचे तोंड ओल्या फडक्याने बंद करावे लागते, नाही तर सारा जोर तिकडून निसटतो. दाबण्यापेक्षा ओढण्याचा झटका अधिक कामाचा असतो, कारण दाबाने अडथळा अधिक घट्ट बसू शकतो, ओढल्याने तो आल्या वाटेने सैल होतो.

बाजारातील रसायनांविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. मोरी मोकळी करणाऱ्या दाणेदार पुड्यांत मुख्यत्वे कॉस्टिक सोडा असतो. तो तेलाचा साबण करतो आणि केसातील केराटिन या प्रथिनाचे तुकडेही करतो, पण भरघोस वेणीला त्यासाठी वेळ लागतो, आणि तोवर पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतील उष्णतेने प्लास्टिकचा सांधा मऊ पडू शकतो किंवा कमी पाण्यात पडलेली पूड वळणातच दगडासारखी थिजते. संडास धुण्याचे आम्ल तर येथे अस्थानीच होय: केसावर त्याचा परिणाम नगण्य, साबणाच्या साक्याचे ते मेणचट मेदाम्लात रूपांतर करते, आणि शहाबादी किंवा कोटा फरशी चुनखडीची असल्याने तिच्यावर ते फसफसून कायमचे पांढरे डाग पाडते. ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला उत्साही असला तरी ते दोन पदार्थ एकमेकांनाच निष्प्रभ करतात. उकळते पाणी ओतण्याचा सल्लाही तपासून घ्यावा. कॅल्शियमचा साका उकळत्या पाण्यात वितळत नाही, आणि पीव्हीसी नळी सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ होऊ लागते, म्हणून तेलासाठी गीझरचे कडक पाणी पुरेसे आहे. वेणी काढून झाल्यावर भरलेली बादली एकदम ओतणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि शॉवरच्या बारीक धारेला जे जमत नाही ते तो लोंढा करतो.

वरच्या मजल्यावर पाणी सोडताच खालच्या घराच्या जाळीतून फेस उसळत असेल, किंवा बेसिन रिकामे होताना न्हाणीत गुडगुड आवाज येत असेल, तर दोष ट्रॅपचा नसून उभ्या सामाईक पाइपचा किंवा हवेच्या नळीचा असतो. तेथे घरातील तार चालवून उपयोग नाही, सोसायटीकडे जावे लागते. जमिनीचा ढाळच जाळीकडे नसेल तर तो गवंड्याचा विषय आहे.

उरतो तो एक लोकप्रिय उपाय, आणि तो सर्वांत घातक. पाणी लवकर उतरावे म्हणून उलटी वाटी कायमची काढून टाकली जाते. पाणी खरोखरच झपाट्याने जाते, परंतु त्याबरोबर पाण्याचे बूचही जाते, आणि झुरळे व गटाराची हवा यांना घर मोकळे होते. या बुचाचे मोल हाँगकाँगमधील अॅमॉय गार्डन्स या वसाहतीने 2003 मध्ये जाणले. तेथे सार्स रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, आणि तपासात जी कारणे पुढे आली त्यांत न्हाणीघरांतील जमिनीवरचे कोरडे पडलेले ट्रॅप हे एक ठळक होते. फरशी पाण्याने धुण्याऐवजी पुसली जात असल्याने त्यांत पाणी उरलेले नव्हते, आणि एक्झॉस्ट पंख्याच्या ओढीने सांडपाण्याच्या पाइपातील दूषित तुषार घरात येत होते. मे महिन्यात गावी जाताना बंद होणाऱ्या घरातही हेच बूच उन्हाने आटते आणि परतल्यावर दार उघडताच वास येतो. जाताना जाळीत दोन तांबे पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडले, तर तेलाच्या तवंगामुळे ते पाणी बऱ्याच उशिरा आटते.