आडात नाही तर…

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरपट्टीची पावती हातात आली की ही म्हण मनात येते आणि चार दिवस जात नाही. पावतीवर शिक्षण कराची एक ओळ असते. 1962च्या कायद्यानं नगरपालिका तो वसूल करते, पण पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. आमच्या अचलपूरच्या आडातलं पाणी आधी मुंबईला.

याउलट अमेरिकेत शाळेचा बराच खर्च त्याच भागातल्या घरा-जागांच्या करातून निघतो. महाग घरांच्या वस्तीला मास्तरांना जास्त पगार देणं परवडतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध लढले, आणि 1973 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले.

आड म्हटलं की मला आजोळ आठवतं, दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथला आड भरलेला असायचा. काठाच्या दगडावर दोरानं खाचा पडल्या होत्या, त्यांत बोटं घालून मी बसायचो. "पानी लय हाय, पन प्याच्या कामाचं नाई," आजी म्हणायची. प्यायचं पाणी बैलगाडीतून यायचं. एवढे दोर झिजले ते धुण्यासाठी, सडा टाकण्यासाठी. म्हण रचणाऱ्यानं असा आड पाहिला नसावा. आडात आहे, पोहऱ्यातही येतं, आणि घसा कोरडाच.

याच्या उलटही दिसतं. परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट. तिथल्या कोरकू गावात कराचं उत्पन्न ते किती! तरी जिल्हा परिषदेच्या मास्तराला तिथे आमच्याकडच्या मास्तराइतकीच वेतनश्रेणी, उलट आदिवासी भाग म्हणून एकस्तर वरची. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पण त्याच राज्याच्या आडातून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2023च्या वाढीपर्यंत महिन्याला 6,000 रुपयेच मिळत होते.

आणि आमच्या गल्लीतली एक मुलगी विनाअनुदानित शाळेत शिकवते. तिचा पगार पालकांच्या फीतून. संत्र्याचा बहर गळाला की फी थकते, फी थकली की पगार थकतो. तिच्यापुरती म्हण अक्षरशः खरी आहे. सकाळी ती डबा घेऊन दारावरून जाते तेव्हा वाटतं, हिचा पगार आमच्याच घरपट्टीतून गेला असता तर निदान आम्हाला रोज तोंड दाखवताना लाज वाटली असती. मग मी गल्लीतली घरं मोजू लागतो. निम्मी अजून मातीची आहेत.